लिंबू, धोत्रा आणि आमच्या गटातल्या मावशी

(सामुदायिक रेडिओवरील सायंकाळच्या महिला कार्यक्रमात झालेले भाषण)

तव्यावर भाकरी असेल तर ती करपू देऊ नका, रेडिओ तेवढा जवळ ओढून घ्या. मागच्या वेळी आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज विषय निराळा आहे. झाडपाला, फुलं, मुळ्या, आणि त्यांच्या नावावर चालणारी दृष्ट, उतारा, करणी यांवर बोलायचं आहे. आवाज एकीचा आहे, पण काय बोलायचं ते गटाच्या तीन बैठकांत बसून ठरलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय. यातलं एक प्रकरण आमच्याच गटात घडलंय, आणि त्यात आम्ही चुकलो होतो. तेही सांगणार आहोत.

आधी आपल्या घरातलंच घ्या. लेकरू किरकिर करायला लागलं, दूध टाकायला लागलं, की आपण काय करतो? मूठभर मीठ, मोहरी, दोन-तीन सुक्या मिरच्या घेतो, लेकरावरून ओवाळतो आणि चुलीत टाकतो. ठसका लागला नाही की सासूबाई म्हणतात, “बघ, केवढी दृष्ट होती!” आम्ही गटात सहज विचारलं, ठसका कधी लागत नाही? एकीनं सांगितलं, जाळ मोठा असला की मिरची भसकन जळून जाते आणि ठसका कमी लागतो. निखाऱ्यावर पडली तर धुमसत राहते आणि अख्खं घर खोकतं. आम्ही दोन्ही करून बघितलं. तिचं बरोबर निघालं. पण दृष्ट काढू नका असं आम्ही कुणाला सांगायला आलेलो नाही. चिमूटभर मीठ ओवाळल्यानं कुणाचं वाईट होत नाही, आणि आईच्या जिवाला तेवढंच बरं वाटतं. आमचं बोट दुसरीकडे आहे. दृष्ट काढताना आपण तोंडानं काय म्हणतो ते आठवा. कुणाकुणाची दृष्ट? आल्यागेल्याची, आणि मग हळूच वांझेची, रांडमुंडेची, शेजारणीची. म्हणजे मीठ-मिरची निरुपद्रवी, पण सोबतच्या बोलण्यात गावातल्या एकट्या बायकांची यादी असते.

आणि एक गंमत. लिंबू-मिरची फार पुरातन आहे असं आपण समजतो ना? मिरची मुळात आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आणली. त्याआधी तिखटाला मिरी होती. म्हणजे जिथं जिथं मिरची आहे, ती रीत फार तर पाचशे वर्षांची. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडूनच आलेला. आमच्यातल्या एका आजींना हे काही पटलं नाही. त्या म्हणाल्या, “मग रामाला मिरचीचा ठेचा मिळालाच नाही का गं?” नाही मिळाला, आजी.

लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात बरेच जण बिब्बा ओवतात. आमच्या आठवडी बाजारात अमावस्येच्या आदल्या दिवशी ही माळ करून विकायला बसतात. सात मिरच्या, एक लिंबू, तळाला काळा बिब्बा. काही ठिकाणी दारावर बिब्ब्याच्या तेलाचे ठिपके काढतात, काही ठिकाणी तान्ह्या मुलाच्या गळ्यात बिब्बा बांधतात. बिब्ब्याची भीती का वाटते, हे ज्यांनी तो फोडलाय त्यांना विचारा. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बाया आहेत. बिब्ब्याच्या सालीतलं तेल उडालं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग पडतात. हातच्या हात, तोंडच्या तोंड सुजतं. तेच तेल धोबी कपड्यावर खूण करायला वापरायचे, कारण ती कितीही धुतली तरी जात नाही. कुणाच्या कामात खोडा घातला की आपण ‘बिब्बा घातला’ म्हणतो, ते उगीच नाही. तेव्हा तान्ह्याच्या गळ्यात बिब्बा बांधताना एवढं लक्षात असू द्या, की लेकरू हाताला येईल ते तोंडात घालतं. आत असलेली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात चालते, बाहेरची साल तोंडाला लागली तर ओठ फुगतात.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी तुम्हाला ठाऊकच आहे. ओवा, वेखंड, बाळंतशेपा, कडुनिंबाचा पाला. सटवी येऊ नये, वारं लागू नये म्हणून ती करायची. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा आणि दूर्वांची माळ घालायची, लेकरं राखायला सांगायचं. यात आम्हाला भक्ती दिसते, आणि लेकरू जगेल का नाही याची जुन्या काळची धास्तीही दिसते. पाच लेकरं व्हायची आणि दोन राहायची, त्या बायांच्या हातात होतं ते एवढंच, परसातलं. फक्त धुरीचा धूर कोंडून ठेवू नका. तान्ह्याची छाती लहान असते.

कडुनिंबाचं तर काय सांगावं. मयताहून आलं की कडुनिंबाचं पान चावायचं, पाडव्याला गुळाबरोबर खायचं, देवी आल्या की रोग्याच्या उशाशी डहाळी ठेवायची आणि दाराला टांगायची. टांगलेली डहाळी दिसली की परका माणूस घरात यायचा नाही. त्या डहाळीचं खरं काम हेच होतं असं आम्हाला वाटतं. रोग पसरायचा थोडा तरी थांबायचा. पण डहाळीनं देवी गेल्या नाहीत. त्या लसीनं गेल्या. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. आमच्या गटातल्या दोघींच्या तोंडावर अजून वण आहेत. आज गोवर-कांजिण्यांना कडुनिंब ठेवा, खुशाल ठेवा, पण अंगणवाडीतला गोवराचा डोस चुकवू नका.

आता झाडांच्या लग्नाबद्दल एक. रुई सगळ्यांनी बघितलीय, बांधाबांधाला असते. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीला घालतो. जुन्या रीतीत, ज्या पुरुषाच्या दोन बायका वारल्या त्याचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचे. तिसरीवर येणारं संकट रुईनं घ्यायचं, मग खरी बायको चौथी ठरायची. रुई बिचारी बोलत नाही म्हणून बरं. आम्ही हे ऐकून हसलो, आणि मग एकीनं विचारलं, बाई दोनदा विधवा झाली तर तिचं लग्न कुठल्या झाडाशी लावायचे? कुणालाच उत्तर आलं नाही. तिला नुसतं पांढऱ्या पायाची म्हणायचे. रुईच्या चिकाला मात्र जपा. तो डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, धुरकट दिसायला लागतं. लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा.

आमच्या एका सूनबाईचं माहेर रत्नागिरीकडचं. तिनं सांगितलं, त्यांच्याकडे आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाण्यानं ओली पाकळी किंवा कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते का डावी ते बघायचं. पेरणी कधी करू, लग्न जमेल का, असं विचारतात. ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं आहे. पण तिच्या आजोळी एकदा कुणीतरी असं विचारलं होतं, की ‘हे अमकीनं केलं का?’ पाकळी वाळली आणि पडली. पाणी वाळलं की ती कुठल्या तरी बाजूला पडणारच. ती अमकी पुढं गाव सोडून मुंबईला लेकीकडे राहायला गेली, ती परत आली नाही.

आता आमचं प्रकरण सांगतो.

आमच्या गटात एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना झाडपाल्याची माहिती आहे. गुडघा धरला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधायला सांगतात, सर्दीला ओव्याची पुरचुंडी देतात. पैसे घेत नाहीत. गटाची बैठक त्यांच्याच ओट्यावर व्हायची, कारण तिथं कडुनिंबाची गार सावली आहे.

दसरा झाला होता, दिवाळीला आठ-दहा दिवस होते. गटातल्या एका तरुण बाईची चार वर्षांची मुलगी दुपारभर गोठ्यामागं खेळत होती. दिवेलागणीला तिचं अंग तापलं, तोंड लालबुंद झालं, ती काहीबाही बोलायला लागली. आईला ओळखेना. हवेत हात घालून काहीतरी वेचल्यासारखं करायची आणि तोंडाशी न्यायची. घरातले सगळे हादरले. आजी म्हणाली, तिवाटावर कुणीतरी उतारा टाकलाय, भात, अंडं, लिंबू, पोरीनं तो ओलांडला. लगेच देवऋषी बोलावला. त्यानं लिंबू ओवाळलं, अंगारा लावला आणि विचारलं, “आज घरात बाहेरची बाई कुणी येऊन गेली का?” आता सकाळी मावशीच येऊन गेल्या होत्या, त्या पोरीच्या सर्दीला पुरचुंडी द्यायला. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

गलका ऐकून मावशी आल्या. त्यांनी पोरीचं तोंड वर केलं आणि डोळ्यावर बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली मोठीच्या मोठी, उजेड पडला तरी लहान होईना. तोंडात बोट घालून बघितलं, जीभ कोरडी ठाक. मावशी म्हणाल्या, “हिनं धोत्रा खाल्लाय. बोंड शोधा आणि गाडी काढा.” गोठ्यामागं फोडलेलं काटेरी बोंड सापडलं, बिया सांडलेल्या. जीप मिळाली, दवाखाना गाठला. तोवर दोन तास गेले होते. डॉक्टरांनी पोट धुतलं, सलाईन लावलं, रात्रभर लक्ष ठेवलं. बोंड बरोबर नेलं होतं म्हणून त्यांना विचार करत बसावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली आणि तिनं पहिल्यांदा शेव मागितली.

इथं धोत्र्याबद्दल जरा थांबून सांगायलाच हवं. महादेवाला आपण धोत्र्याचं फूल आणि फळ वाहतो. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा आहे, रुई आहे, कण्हेर आहे. तिन्ही विषारी. आमचा आपला अंदाज, जुन्या माणसांनी ही झाडं देवाच्या पायाशी नेली म्हणजे सगळ्यांना ती ओळखता आली आणि कुणाच्या भाजीत गेली नाहीत. धोत्र्याच्या बीत जे विष असतं त्यानं तोंड सुकतं, अंग तापतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, लघवी अडते आणि माणसाला नसलेलं दिसायला लागतं. माणूस बडबडतो, ओरडतो, पळत सुटतो. आता सांगा, हे बघून कुणाला झपाटलेलं वाटणार नाही? गावात ‘अंगात शिरलं’ म्हणून सांगतात त्या जुन्या गोष्टींपैकी किती गोष्टींत परसातला धोत्रा असेल, देव जाणे. आणि त्याच विषाचं दुसरं तोंड बघा. त्यातला ॲट्रोपिन नावाचा घटक डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करून आतलं तपासायला वापरतात. फवारणी करताना काही कीटकनाशकांची बाधा झाली, तोंडातून लाळ आणि फेस यायला लागला, की दवाखान्यात ॲट्रोपिनचंच इंजेक्शन देतात. म्हणजे बाधा करणारं आणि बाधा उतरवणारं एकच. पण किती द्यायचं ते डॉक्टरांनी मोजायचं, आपण नाही.

युरोपातही हेच घडलं होतं. तिकडे धोत्र्याच्या कुळातली बेलाडोना आणि खुरासानी ओवा ही झाडं आहेत. त्यांचा लेप अंगाला लावून चेटकिणी झाडूवर बसून उडतात असं लोक मानायचे. लेपानं भास होत असतील, उडत कोण होतं? पण चेटकीण ठरवून तिथं पंधराव्या ते अठराव्या शतकात माणसं जाळली, फाशी दिली. इतिहासकार ४० ते ६० हजारांचा अंदाज सांगतात. त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. आणि ऐका, आपली वांगी, टोमॅटो, बटाटा आणि ती लिंबाखालची मिरचीसुद्धा त्याच कुळातली.

तर मावशींकडे परत येऊ. पोर वाचली म्हणून गावानं मावशींना नारळ द्यायला हवा होता. झालं उलटं. आठ दिवसांत बोलणं सुरू झालं, ‘डॉक्टरच्या आधी हिला कसं कळलं? केल्याशिवाय कळतं का?’ मग शेजारच्या घरची म्हैस दूध देईना. तिला कासदाह झाला होता, सड सुजला होता, पण नाव मावशींचं. एका सकाळी त्यांच्याच उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू कुणीतरी ठेवलं.

आणि आम्ही काय केलं? गटातल्या दोघी म्हणाल्या, बैठक ओट्यावर नको. आम्ही वाद घातला नाही. बैठक शाळेजवळच्या शेडमध्ये नेली. मावशींनी कारण विचारलं तर सांगितलं, “तिथं सावली बरी आहे.” पत्र्याची शेड आहे ती. मावशी एकदा आल्या, उभ्या उभ्या शंभर रुपये बचत दिली आणि निघून गेल्या. पुढचे दोन महिने त्यांनी नातवाच्या हाती पैसे पाठवले. आम्ही ते वहीत लिहून घेतले. वही अगदी चोख होती.

पोरीच्या आईनंच शेवटी तोंड उघडलं. पौषातल्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, “माझी पोर ज्या बाईनं वाचवली ती इथं का नाही? मी पण दोन महिने तिच्या दारावरून मान खाली घालून जाते.” मग कुणालाच बसवेना. तशाच सगळ्या उठून मावशींच्या ओट्यावर गेलो. त्या तूर निवडत होत्या. आम्ही माफी मागितली. त्यांनी काही लगेच “असू दे गं” म्हटलं नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “बसा. पण पुढच्या वेळी सावलीचं कारण सांगू नका.”

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली गंमतीची वाटेल. गटातली एक जण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिराला जाऊन आली होती. तिनं गावातल्या बायकांसमोर लिंबू कापलं, आणि लिंबातून लाल रक्त आलं. चार-पाच जणी मागं सरकल्या. मग तिनं सांगितलं, सुरीवर आधी जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्यात. लिंबाचा आंबट रस लागला की त्याचा लालभडक रंग होतो. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की लाल होतं हे तर आपल्याला चांगलंच माहीत आहे. जास्वंद आणि लिंबू दोन्ही आपल्या परसातली, आणि तेवढ्यावर एखादा बुवा घरातली भानामती काढून देतो म्हणून हजारो रुपये नेतो. त्या दिवसापासून शाळेतली पोरं जास्वंदीच्या झाडावर एक फूल ठेवेनात, तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं झटत होते, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. आपण त्याला जादूटोणा विरोधी कायदा म्हणतो. त्याची अनुसूची आम्ही पोलीस पाटलांकडून आणून मोठ्यानं वाचली. त्यात स्पष्ट आहे, की अमकी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळं रोगराई पसरते असं भासवणं, तिच्याबद्दल संशय निर्माण करणं, तिचं जगणं मुश्किल करणं, हा गुन्हा आहे. जनावराचं दूध आटवण्याचं वाचलं तेव्हा सगळ्या एकदम मावशींकडे बघायला लागल्या. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे. आणि घाबरू नका, या कायद्यानं वारी, भजन, कीर्तन, घरची पूजा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. जिवतीची माळ घालायला कुणी अडवत नाही.

आम्ही तक्रार दिली नाही. मावशींनाच नको होती. पोलीस पाटलांनी देवऋषाला बोलावून कायदा ऐकवला. तो म्हणाला, “मी कुणाचं नाव घेतलं होतं का?” खरंच घेतलं नव्हतं. त्यानं फक्त एक प्रश्न विचारला होता, बाकीचं आम्हीच पुरं केलं. म्हशीच्या मालकीणबाईनं डॉक्टर आणला, म्हैस सुधारली. पण सगळंच नीट झालं असं सांगितलं तर खोटं होईल. एका घरात अजून मावशी दिसल्या की लेकराच्या तोंडावर पदर टाकतात.

आमच्याकडे निदान बोलण्यावर थांबलं. सातपुड्यात, नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, घरं सोडावी लागली आहेत. झारखंडच्या छुटनी महतो यांना १९९५ साली गावानं डायन ठरवून छळलं. त्या पळून गेल्या, जगल्या आणि मग अशाच इतर बायकांना सोडवत राहिल्या. आसामच्या बिरुबाला राभा यांना वैदूनं सांगितलं होतं की तुझा आजारी मुलगा तीन दिवसांत मरणार. तीन दिवस गेले, मुलगा मेला नाही. तिथून त्यांचा वैदूवरचा विश्वास उडाला आणि त्या या प्रथेविरुद्ध उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये दोघींनाही पद्मश्री जाहीर झाली. दोघीही काही फार शिकलेल्या नव्हत्या.

जाता जाता एका झाडाचं सांगायचंय, कारण हे मावशींनी मुद्दाम सांगायला लावलंय. कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर चढते, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं. कोकणात गौरीच्या पूजेला हिची फुलं लागतात. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल आहे. हिच्या नावाचे दोन अर्थ. घराच्या छपरात हिची डहाळी खोचली की त्या घरात कळ लागते, भांडणं होतात, असं म्हणायचे. आमच्याकडे त्यासाठी कळलावीची गरज कधी पडली नाही. दुसरा अर्थ बाळंतपणाचा. अडलेल्या बाईच्या अंगाला हिची मुळी बांधायची म्हणजे कळा येतात, आणि मूल झालं की क्षणात सोडायची, नाहीतर आतडीही येतील, अशी समजूत. बांधण्यात वेळ जातो आणि बाई अडलेलीच राहते, तेव्हा बांधत बसू नका, १०८ ला फोन करा.

पण त्याहून वाईट म्हणजे, नको असलेला गर्भ पाडायला कुणी ही मुळी पोटात घेते, कुणी रुईची काडी आत घालते. कळलावीची मुळी रताळ्यासारखी दिसते आणि ती जहाल विष आहे. आधी उलट्या-जुलाब होतात, मग एकेक अवयव बंद पडत जातो. जी वाचते तिचे पुढं केस गळून पडतात. मावशींनी हे डोळ्यांनी बघितलंय, त्यांच्या माहेरी, त्यांच्या लहानपणी. त्या मुलीला करणी झाली म्हणून गावानं सांगितलं होतं. मैत्रिणींनो, गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्यापासून ठरावीक अटींत कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची लागते. आशाताईला विचारा. तिच्याशी बोलायचा संकोच वाटत असेल तर आमच्याकडे या, आम्ही बरोबर येऊ.

पुढच्या सोमवारी दुपारी तीनला गटाची बैठक मावशींच्या ओट्यावर आहे. आपापल्या परसातल्या झाडांची ओळख करून घ्यायची आहे, तर प्रत्येकीनं एक डहाळी घेऊन यावी. धोत्रा, रुई, बिब्बा, कळलावी यांपैकी काही असेल तर हातात पिशवी घालून तोडा, वेगळ्या पिशवीत आणा, आणि येताना लेकरांच्या हाती देऊ नका. वहीत बचत लिहिण्याचं काम आधी होईल. नमस्कार.